शितावरून आभाळाची परीक्षा

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे, किरुना नावाचं एक खाणगाव आहे. गावाच्या पोटात लोखंड आहे, आणि ते इतकं खणलं गेलं की वरची जमीन खचायला लागली. म्हणून घरं, नगरपालिका, चर्च असं गावच्या गाव तीन किलोमीटर पूर्वेला हलवायचं काम तिथे गेली कित्येक वर्षं चालू आहे. या गावापासून चाळीसेक किलोमीटरवर एसरेंज हा रॉकेट तळ. १९६६ पासून तिथून रॉकेटं सुटतात, हेलियमचे प्रचंड फुगे वर जातात. वर गेलेलं खाली येतं ते उत्तरेच्या ओसाड माळावर, असं नकाशात दिसतं. पण तो माळ ओसाड नाही. सामी लोकांचे रेनडिअरचे कळप तिथे चरतात, आणि रॉकेट सुटताना गुराख्यांना आसरा मिळावा म्हणून त्या माळावर मुद्दाम निवारे बांधलेले आहेत.

जून २०२१ मध्ये या तळावरून हार्वर्ड विद्यापीठाचा एक फुगा उडणार होता. त्याला एक पाळणा टांगलेला, पाळण्याला पंखे, आत उपकरणं. या खेपेला तो हवेत काहीही सोडणार नव्हता. वीस किलोमीटर उंचीवर पंखे नीट फिरतात का, पाळणा हवा तसा वळतो का, उपकरणं थंडीत टिकतात का, एवढंच बघायचं होतं. तो फुगा उडाला नाही. आणि तो का उडाला नाही हे सांगायचं तर तीस वर्षं मागे, फिलिपिन्समध्ये जावं लागतं.

लुझोन बेटावरचा पिनातुबो हा डोंगर सुमारे पाचशे वर्षं झोपलेला होता. त्याच्या उतारावर आएता आदिवासींच्या वस्त्या होत्या, पायथ्याशी अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ होता. एप्रिल १९९१ पासून डोंगर धुमसू लागला. फिलिपिन्सचे आणि अमेरिकेचे भूशास्त्रज्ञ तिथे ठाण मांडून बसले, आणि त्यांनी वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे हजारो माणसं हलवली गेली. १५ जूनला डोंगर फुटला. दुर्दैव असं की नेमक्या त्याच दिवशी युन्या हे चक्रीवादळ बेटावर आलं. राख आकाशात पस्तीस किलोमीटरपर्यंत चढत होती आणि वादळाचा पाऊस ती भिजवून खाली आणत होता. कोरडी राख झाडून काढता येते. भिजलेली राख ओल्या सिमेंटसारखी बसते. भर दुपारी काळोख झाला आणि त्या काळोखात घरांची छपरं एकामागून एक खाली येऊ लागली. आठशेहून अधिक माणसं गेली, त्यांतली बरीच छपराखाली सापडून.

राख महिन्याभरात खाली बसली. वर राहिला तो वायू. पिनातुबोनं दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या शांत थरात फेकला होता. तिथे पाऊस पडत नाही, त्यामुळे तिथे गेलेलं धुऊन निघत नाही. वायूचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, तीन आठवड्यांत त्यांचं कडं पृथ्वीभोवती फिरून आलं, आणि दोनेक वर्षं ते उन्हाचा एक छोटासा हिस्सा परत अवकाशात पाठवत राहिलं. नासाच्या जेम्स हॅन्सन यांनी संगणकाच्या आधारे आधीच सांगून ठेवलं की जगाचं तापमान सुमारे अर्ध्या अंशानं उतरेल. १९९२ मध्ये ते तसंच उतरलं. हवामानशास्त्राच्या इतिहासात इतकं नेमकं उतरलेलं भाकीत क्वचितच सापडेल.

अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण औद्योगिक युगापासून आपण केलेली तापमानवाढ तेव्हा जेमतेम तेवढीच होती. म्हणजे शंभर वर्षांच्या धुराड्यांनी जे केलं, ते एका डोंगरानं एका दुपारी, तात्पुरतं का होईना, पुसून टाकलं. डोंगर जे करतो ते माणसाला करता येईल का, हा प्रश्न त्यानंतर दाबून ठेवणं शक्यच नव्हतं.

खरं तर प्रश्न त्याहून जुना आहे, आणि तो पहिल्यांदा ज्या प्रकारे विचारला गेला त्यानं मी आजही अस्वस्थ होतो. नोव्हेंबर १९६५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्यापुढे प्रदूषणावरचा एक अहवाल ठेवला गेला. त्याच्या एका परिशिष्टात रॉजर रेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइड वाढतोय, पृथ्वी तापणार, असं स्वच्छ लिहिलं आहे. उपाय काय? समुद्राच्या मोठ्या पट्ट्यांवर ऊन परतवणारे बारीक कण पसरावेत, खर्च वर्षाला पन्नास कोटी डॉलर. कोळसा आणि तेल कमी जाळावं, ही सूचना त्या पानांत नाही. रोग ओळखला त्याच बैठकीत पथ्य सोडून थेट मलमपट्टी लिहून दिली गेली. पुढे १९७४ मध्ये लेनिनग्राडचे मिखाइल बुडिको यांनी विमानांनी स्थितांबरात गंधक नेण्याची कल्पना मांडली. त्यानंतर तीसएक वर्षं हा विषय शास्त्रज्ञ दबक्या आवाजातच बोलत राहिले. हे शक्य आहे असं जगाला कळलं तर धूर कमी करायची कुणाला घाई उरणार नाही, ही भीती त्यांना होती. ती भीती खोटी होती असं मला वाटत नाही.

याच दबक्या काळातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९९८ मध्ये कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन इथे एका बैठकीत लोवेल वुड या अण्वस्त्र प्रयोगशाळेतल्या भौतिकशास्त्रज्ञानं ऊन परतवण्याची योजना मोठ्या आत्मविश्वासानं मांडली. श्रोत्यांत केन काल्डेरा होते. ही योजना चालणार नाही, असं त्यांचं ठाम मत. कार्बन डायऑक्साइड रात्रंदिवस, बारा महिने ऊब धरून ठेवतो. ऊन दिवसाच असतं, उन्हाळ्यात जास्त, विषुववृत्तावर जास्त. एकाचं वजन दुसऱ्याच्या पारड्यात टाकून तराजू कसा जुळेल? हे सिद्ध करायला त्यांनी लिव्हरमोर प्रयोगशाळेतले सहकारी गोविंदसामी बाला यांच्याबरोबर संगणकावर एक पृथ्वी मांडली, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला आणि ऊन १.८ टक्क्यांनी कमी केलं. तराजू जवळजवळ जुळला. योजना मोडीत काढायला बसलेल्या दोघांना २००० साली ती चालेल असं दाखवणारा निबंध प्रसिद्ध करावा लागला.

बाला पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि हाच धागा धरून राहिले. २००८ मध्ये त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी त्या तराजूचं दुसरं पारडं दाखवलं. तापमान पूर्ववत होईल इतकं ऊन कमी केलं, तर जगाचा सरासरी पाऊस पूर्वीहून कमी होतो. बाष्पीभवनाला ऊन लागतं. ऊन कमी झालं की समुद्र कमी वाफ सोडतो. तापमान जुळतं, पाऊस जुळत नाही. पिनातुबोचाही तोच दाखला होता: उद्रेकानंतरच्या वर्षभरात जगभरच्या जमिनीवर पडलेला पाऊस आणि नद्यांतून वाहिलेलं पाणी, दोन्ही लक्षणीय घटल्याचं पुढे नोंदींवरून दिसून आलं. मृगाची वाट पाहणाऱ्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावंसं वाटेल. पुढे घडलेलं सगळं मी तरी याच वाक्याच्या उजेडात बघतो.

दबका आवाज मोठा केला तो पॉल क्रुत्झेन यांनी. ओझोनच्या रसायनशास्त्रासाठी १९९५ चं नोबेल मिळवलेला हा माणूस. १९९९ मध्ये ते आणि वीरभद्रन रामनाथन हिंदी महासागरावरच्या मोठ्या संशोधन मोहिमेचे म्होरके होते. भारतीय उपखंडातल्या चुली, गाड्या, वीजकेंद्रं यांचा तपकिरी धूर समुद्रावर शेकडो किलोमीटर पसरलेला या मोहिमेनं मोजला. त्या धुरात गंधक असतं, आणि ते ऊन परतवतं. म्हणजे पृथ्वीवर सावली धरायचं काम आपण नकळत करतच होतो, फक्त ती सावली श्वासात जाऊन लाखो माणसं मारत होती. हवा स्वच्छ करायलाच हवी. पण केली की आजवर झाकलेली उष्णता उघडी पडणार. ऑगस्ट २००६ मध्ये क्रुत्झेन यांनी लिहिलं की या कोंडीवर एक मार्ग तपासायला हवा: खाली टाकतो त्याचा एक अंशच गंधक, पण वर, स्थितांबरात. हे करायची पाळी न येवो, अशी इच्छाही त्यांनी त्याच लेखात नोंदवली आणि तशी चिन्हं दिसत नाहीत हेही लिहिलं. अनेक सहकाऱ्यांनी त्यांना ते छापू नका म्हणून विनवलं होतं. छापल्यावर मात्र कोंडलेली वाफ सुटावी तसे शेकडो निबंध बाहेर पडले.

निबंध संगणकावरचे होते. शितावरून भाताची परीक्षा करायची तर एखादं शीत तरी हवं, आणि ते आभाळात शिजवायचं होतं.

पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडनं केला. सप्टेंबर २०११ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाचे मॅथ्यू वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पाइस’ प्रकल्प जाहीर केला. वॉटसन मूळचे ज्वालामुखीशास्त्रज्ञ. डोंगर काय करतो हे त्यांनी जवळून पाहिलेलं. बेत असा: नॉरफोकमधल्या स्कल्थॉर्प या जुन्या विमानतळावरून हेलियमचा फुगा एक किलोमीटर वर सोडायचा, त्याला एक लांब नळी बांधायची आणि तिच्यातून पाणी वर चढवून फवारायचं. साधं पाणी, दीडशे लिटरच्या आसपास. मळ्यात औषध फवारणाऱ्याच्या पाठीवर सोळा लिटरचा पंप असतो. तसे नऊ-दहा पंप, एवढंच. त्यानं हवामानावर तसूभर परिणाम झाला नसता. नळी वाऱ्यात कशी हेलकावते, फुगा कसा झुलतो, हा निव्वळ अभियांत्रिकीचा प्रश्न होता.

तरी काहूर उठलं. पन्नासहून अधिक संघटनांनी सरकारला पत्र लिहिलं. पाण्याला त्यांचा विरोध नव्हताच; ही नळी उद्याच्या वीस किलोमीटर लांब नळीची नांदी आहे, हा त्यांचा मुद्दा होता. प्रयोग आधी सहा महिने लांबला. तेवढ्यात उघड झालं की प्रकल्पाशी संबंधित दोघांच्या नावानं या फवारणीच्या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज आधीच दाखल आहे, आणि चमूतल्या अनेकांना त्याचा पत्ताच नव्हता. पृथ्वी वाचवायच्या औषधावर कुणाची मालकी? मे २०१२ मध्ये वॉटसन यांनी स्वतःच फुग्याचा प्रयोग रद्द केल्याचं जाहीर केलं. असं तंत्र वापरायची वेळ येऊ नये असंच त्यांना वाटत होतं आणि ते हे उघडपणे बोलत. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो यासाठीच. आपल्याच प्रयोगाची भीती बाळगून तो प्रामाणिकपणे करू पाहणारी माणसं थोडी असतात, आणि चूक दिसल्यावर थांबणारी त्याहून थोडी.

आता हार्वर्ड. डेव्हिड कीथ हे या विषयातलं सर्वांत परिचित नाव, आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँक कॉइच प्रयोगाचे प्रमुख. २०१४ पासून त्यांच्या चमूनं ‘स्कोपेक्स’ची आखणी चालवली होती. त्यांचा प्रश्न नेमका होता. गंधकाचे दोन दोष सर्वांना ठाऊक होते: ते ओझोन खातं आणि स्थितांबर तापवतं. मग दुसरा पदार्थ? त्यांची निवड होती कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे चुनखडी, शिंपल्यात असते, अंड्याच्या टरफलात असते. ती आम्लं शोषून घेते, म्हणून ओझोनला कदाचित उलट मदतच होईल, असं गणित सांगत होतं. पण निसर्गात स्थितांबरात चुनखडी कधी नसतेच, तेव्हा ताडून बघायला एखादा पिनातुबोही नाही.

इथे मला आमच्या गच्चीची आठवण येते. मार्च उलटला की वडील भिजवलेला चुना बादलीत घोटून गच्चीवर मारत. पहिला हात फिकट, मळकट दिसायचा; वाळता वाळता तो पांढराशुभ्र होत जाई आणि दुपारी त्यावर डोळा ठरत नसे. खालची खोली रात्री झोपण्याइतकी निवायची. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, हे फार नंतर वाचलं. हार्वर्डचे शास्त्रज्ञ वीस किलोमीटरवर जे न्यायला निघाले होते तोच पदार्थ, तेच काम. फरक एवढाच की आमच्या गच्चीवरच्या चुन्यानं शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी कमी होत नव्हतं.

स्कोपेक्सचा बेत असा: फुगा वर जाईल, पाळणा पंख्यांच्या जोरावर पुढे सरकत शंभर ग्रॅम ते दोन किलो भुकटी सोडेल. तिचा एक किलोमीटर लांब आणि शंभर मीटर रुंद असा विरळ धुरळा तयार होईल. मग पाळणा वळून त्याच धुरळ्यातून पुन्हा पुन्हा जाईल आणि मोजेल: कण एकमेकांना चिकटतात का, किती ऊन परततं, आसपासच्या वायूंचं काय होतं. दोन किलो. एखादं प्रवासी विमान एका उड्डाणात याहून जास्त काजळी आणि गंधक मागे सोडून जातं. पैसा खासगी देणग्यांतून आलेला, देणगीदारांत बिल गेट्स होते. वादाला तेवढं पुरलं. आधी अ‍ॅरिझोनातून उडवायचं ठरलं, ते मागे पडलं. २०१९ मध्ये प्रयोगावर देखरेखीसाठी एक स्वतंत्र सल्लागार समिती नेमली गेली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं: उड्डाण किरुनाहून, स्वीडिश स्पेस कॉर्पोरेशनच्या मदतीनं.

नेमलेल्या समितीत स्वीडनचं कुणी नव्हतं. ज्यांच्या माळावरून फुगा जाणार त्या सामींना कुणी विचारलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सामी परिषदेनं स्वीडनमधल्या तीन पर्यावरण संघटनांसह एक पत्र पाठवलं. या उड्डाणात कण सुटणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. त्यांचा आक्षेप उड्डाणामागच्या वाटेला होता. ही वाट सगळ्या जगावर परिणाम करणारी, जिच्यावरून मागे फिरता येणार नाही अशी आहे. एकदा कण सोडायला लागलो आणि मधेच थांबलो तर दडपलेली उष्णता एकदम उसळेल. आणि धूर कमी करायचं खरं काम यामुळे मागे पडेल. परिषदेच्या उपाध्यक्ष ओसा लार्सन ब्लिंड यांनी ही भूमिका जाहीरपणे मांडली. आपल्या भूमीवर अशा कामाला आमची संमती नाही, हे त्या पत्राचं सार.

थांबल्यावर उष्णता उसळेल हा धाक नुसता बोलण्यातला नाही. वर सोडलेले कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. म्हणून सावली धरायची तर ती पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवावी लागते. मधे युद्ध झालं, सरकार बदललं, पैसा आटला आणि हात खाली आला, तर पन्नास वर्षांची तापमानवाढ काही वर्षांत अंगावर येते. शेतं, जंगलं, जनावरं यांना जुळवून घ्यायलाही वेळ मिळत नाही.

ते पत्र वाचताना मला १९८६ आठवतं. एप्रिलमध्ये चेर्नोबिल फुटलं आणि त्याचा किरणोत्सारी पाऊस हजारेक मैलांवरच्या स्वीडनच्या डोंगरांवर पडला. हिवाळ्यात रेनडिअर जगतो तो दगडफुलावर. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचीच ती भावंडं. दगडफुलाला मुळं नसतात. जे काही लागतं ते हवेतून आणि पावसातून शोषून घेतं, म्हणून आभाळातून आलेलं सीझियम त्यानं साठवून ठेवलं. त्यातून ते जनावराच्या मांसात उतरलं. दक्षिणेकडच्या सामी पट्ट्यात त्या वर्षी कापलेल्या रेनडिअरचं मांस गाडून टाकावं लागलं, आणि पुढची कित्येक वर्षं चुलीवर ठेवण्याआधी मांस मोजणीला न्यायची वेळ आली. परक्या देशातल्या परक्या माणसांनी केलेली चाचणी फसली आणि तिचं बिल या गुराख्यांच्या ताटात आलं. चेर्नोबिलची ती रात्रही एक चाचणीच होती: वीज गेली तर टर्बाइन किती वेळ फिरत राहतं, हे बघायचं होतं. इतकं सोसलेल्या समाजाला ‘फक्त दोन किलो आहे’ किंवा ‘या खेपेला तर तेही नाही’ हे उत्तर पुरत नाही, आणि पुरूही नये.

मार्च संपता संपता स्वीडिश स्पेस कॉर्पोरेशननं अंग काढून घेतलं. ३१ मार्चला हार्वर्डच्या सल्लागार समितीनंही सांगितलं: स्थानिकांशी संवाद होईपर्यंत उड्डाण थांबवा. क्रुत्झेन त्याआधी दोनच महिने वारले होते.

माझं मत असं की सामींनी बरोबर केलं. आधी कळस मग पाया असा तो प्रकार होता; समिती, उपकरणं, तळ सगळं ठरल्यावर माणसं आठवली. पण त्यामुळे जग सुरक्षित झालं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण पुढच्या काही वर्षांत जे घडलं ते फार उलटं आहे.

एप्रिल २०२२ मध्ये पुढे स्थापन झालेल्या एका छोट्या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकानं मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात हवामानखात्याचे असतात तसे दोन फुगे घेतले, त्यांत थोडा सल्फर डायऑक्साइड भरला आणि सोडून दिले. समिती नाही, मोजमाप नाही, कुणाची परवानगी नाही. वर त्या ‘गारव्या’ची कार्बन क्रेडिटसारखी विक्री सुरू केली. डिसेंबर २०२२ मध्ये बातमी छापून आली तेव्हा कुठे जगाला कळलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोनं असे प्रयोग बंद करायचा निर्णय जाहीर केला. ज्यांनी सात वर्षं आखणी केली, प्रश्न नीट मांडला, देखरेख स्वीकारली, त्यांचा फुगा जमिनीवर राहिला. ज्यांना काही शिकायचंच नव्हतं, त्यांचा उडाला. विज्ञानाच्या बाजूनं बघताना मला सर्वांत जास्त वेदना इथे होते.

कॅलिफोर्नियात अलामीडा बंदरात ‘हॉर्नेट’ नावाची निवृत्त विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून उभी आहे. चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना समुद्रातून हिनंच उचललं होतं. २ एप्रिल २०२४ रोजी तिच्या डेकवरून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या चमूनं खाऱ्या पाण्याचा अतिसूक्ष्म फवारा सोडला. समुद्रावरचे ढग मिठाच्या कणांनी अधिक पांढरे करता येतील का, याच्या पूर्वतयारीची ती चाचणी. ढगांना हातही लागणार नव्हता. पण गवगवा नको म्हणून चमूनं आधी फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. शहराला ते वर्तमानपत्रातून कळलं. तपासणीत आरोग्याला धोका आढळला नाही, तरी जूनमध्ये नगर परिषदेनं एकमतानं परवानगी नाकारली. नॉरफोक, किरुना, अलामीडा: तिन्ही ठिकाणी घोडं अडलं ते एकाच जागी, आणि ती जागा रसायनशास्त्राची नव्हती.

ऑस्ट्रेलियातला प्रयोग मात्र टिकला. मार्च २०२० मध्ये टाउन्सव्हिलपासून शंभरेक किलोमीटरवर, ग्रेट बॅरियर रीफमधल्या ब्रॉडहर्स्ट प्रवाळावर डॅनियल हॅरिसन यांच्या चमूनं एका बोटीच्या मागच्या बाजूला शंभर तोट्यांचा पंखा बसवून समुद्राचंच पाणी फवारलं. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या पायाखालचं प्रवाळ पांढरं पडत होतं. ज्यांचं घर जळतंय तेच पाणी मारत होते, आणि बहुधा म्हणूनच तिथे फारसं काहूर उठलं नाही.

आणि सर्वांत मोठी चाचणी कुणी चाचणी म्हणून केलीच नाही. जगभरची मालवाहू जहाजं गंधकानं भरलेलं जड तेल जाळत, त्यांच्या धुरामुळे समुद्रावरच्या ढगांत पांढरे पट्टे उमटत. उपग्रहांच्या चित्रांत ते खडूच्या रेघांसारखे दिसत. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या तेलातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आली. किनाऱ्यावरच्या माणसांच्या फुप्फुसांसाठी हे उत्तमच झालं. पण पट्टे विरळ झाले, आणि झाकलेली थोडी उष्णता उघडी पडली. क्रुत्झेन यांनी सांगितलेली कोंडी ती हीच.

आता आपल्या मृगाकडे येतो. कण फक्त उत्तर गोलार्धात सोडले तर तो गोलार्ध जास्त निवतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो, असं अनेक संगणकी अभ्यास सांगतात, बाला यांच्या गटाचेही. २०१३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जिम हेवूड आणि सहकाऱ्यांनी नोंदी काढून दाखवलं की १९०० ते २०१० या काळात आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातल्या चार सर्वांत कोरड्या उन्हाळ्यांपैकी तीन उन्हाळ्यांच्या आधी उत्तर गोलार्धात मोठा ज्वालामुखी उद्रेक झाला होता. युरोप किंवा अमेरिका आपल्या उष्णतेच्या लाटा थोपवायला हात वर करील आणि पाऊस सरकेल तो दुसऱ्याच कुणाचा. दोन्ही गोलार्धांत सारखे कण सोडले तर हा धोका बराच कमी होतो, असंही तेच अभ्यास सांगतात. पण सारखं सोडायचं ठरवणार कोण, आणि राखणार कोण?

महाराष्ट्राला आभाळात हात घालायचं वावडं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००३ च्या दुष्काळात राज्य सरकारनं विमानांनी ढगांत रसायनं फवारून कृत्रिम पाऊस पाडायचा प्रयत्न केला, आणि खाली उभा असलेला शेतकरी त्या विमानाला हात जोडत होता. २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं सोलापूरच्या पर्जन्यछायेत तोच प्रश्न शिस्तीनं विचारला: २७६ ढग निवडले, काहींत फवारलं, काही मुद्दाम सोडून दिले, आणि रडार व पर्जन्यमापकांनी दोन्हींची तुलना केली. शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी अठरा टक्के जास्त पाऊस मिळाला. जिथे ढगच नाहीत तिथे यातून काही हाती लागत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ढग फवारणं आणि सूर्यावर पडदा ओढणं यांत अंतर फार आहे. पण सोलापूरच्या शेतकऱ्याला दोन्हींबद्दल बोलायचा हक्क सारखाच आहे, आणि आजवर बोस्टनमध्ये, लंडनमध्ये किंवा स्टॉकहोममध्ये झालेल्या एकाही बैठकीत त्याच्यासाठी खुर्ची मांडली गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सामींनी निदान आपली खुर्ची स्वतः ओढून घेतली.

१८ मार्च २०२४ रोजी हार्वर्डनं स्कोपेक्स कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. डेव्हिड कीथ त्याच्या आदल्या वर्षीच शिकागो विद्यापीठात गेले होते. पंख्यांचा तो पाळणा आता स्थितांबराच्या दुसऱ्या कुठल्या तरी अभ्यासाला, ऊन परतवण्याशी संबंध नसलेल्या कामाला वापरला जाईल, असं विद्यापीठानं सांगितलं. एसरेंजवरून फुगे अजूनही वर जातात आणि माळावर रेनडिअर दगडफूल उकरत फिरतात. वीस किलोमीटर उंचीवर चुनखडीचे कण एकमेकांना चिकटतात की सुटे राहतात, ओझोनला जगवतात की खातात, याचं उत्तर अजून प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीत आणि संगणकाच्या पडद्यावरच आहे.